गाडीला फिल्म निवडताना: आधी काच मोजा, मग फिल्म बघा

प्रश्न असा आहे: बेळगावची केए-२२ पासिंगची पांढरी हॅचबॅक, रोज सकाळी संकेश्वरला जाणं आणि संध्याकाळी परत येणं, मधूनमधून चोर्ला घाटाने गोव्याची फेरी, मागच्या सीटवर लहान मुलं. दुकानदाराने चारही दारांना आणि मागच्या काचेला '३५ टक्के सिरॅमिक, ९० टक्के हीट कट' फिल्म सुचवली आहे. ती घ्यावी का, पोलिस अडवतील का, आणि ती नको असेल तर कोणती घ्यावी?

ती घेऊ नका. ३५ टक्क्यांची फिल्म, म्हणजे जिच्यातून ३५ टक्केच प्रकाश आरपार जातो ती, गाडीच्या कुठल्याच काचेवर नियमात बसत नाही, आणि ऊन अडवायला इतक्या काळ्या फिल्मची गरजही नाही. घ्यायचीच असेल तर बाजूच्या काचांना ७० टक्के किंवा त्याहून पारदर्शक, चांगल्या प्रतीची सिरॅमिक फिल्म घ्या. पुढची आणि मागची काच मोजल्याशिवाय त्यांना हात लावू देऊ नका. ही झाली थोडक्यात सूचना. आता कारणं सविस्तर सांगतो, म्हणजे दुकानात उभं राहून तुम्हाला स्वतःला निवाडा करता येईल.

काळी म्हणजे गार, हा समज

उन्हातून जी ऊर्जा येते तिच्यात अतिनील किरण जेमतेम ३ ते ५ टक्के असतात. डोळ्यांना दिसणारा प्रकाश साधारण ४४ टक्के. उरलेली निम्मी ऊर्जा इन्फ्रारेड असते, ती दिसत नाही, फक्त कातडीला भाजते. फिल्म काळी केली की दिसणारा प्रकाश कमी होतो आणि डोळ्यांना गारवा वाटतो. पण ती साधी डाय फिल्म, म्हणजे नुसता रंग दिलेली फिल्म असेल तर इन्फ्रारेड बऱ्यापैकी आत येतच राहतो. शिवाय डाय फिल्म जी ऊर्जा अडवते ती परत बाहेर फेकत नाही, स्वतःत शोषून घेते. मग काच तापते आणि त्यातली काही उष्णता आतच सुटते. गाडी पळत असताना वारा काचेवरची उष्णता घेऊन जातो, त्यामुळे हा दोष कमी जाणवतो. गाडी कित्तूर चेन्नम्मा चौकात सिग्नलला थांबली किंवा अथणीच्या बाजारात दुपारी उन्हात लावली की लगेच कळतो.

पत्रकावर चार आकडे असतात. व्हीएलटी म्हणजे किती टक्के प्रकाश आरपार जातो. यूव्हीआर म्हणजे किती अतिनील किरण अडतात. हा आकडा जवळपास प्रत्येक बऱ्या फिल्मला ९९ असतो, त्यामुळे त्यावरून निवड करता येत नाही. आयआरआर म्हणजे किती इन्फ्रारेड अडतो. आणि टीएसईआर म्हणजे उन्हातली एकूण ऊर्जा किती अडते, आत सुटणारी उष्णता वजा करून. गारव्यासाठी बघायचा आकडा हा शेवटचा. दुकानात जो आकडा मोठ्या अक्षरात लावलेला असतो तो बहुतेक वेळा आयआरआर असतो, आणि त्यालाच 'हीट कट' म्हणून विकलं जातं.

'९० टक्के हीट कट' हे किती खरं ते कागद-पेन न घेताही तपासता येतं. ३५ टक्के व्हीएलटीची फिल्म ४४ टक्के दिसणाऱ्या प्रकाशातला ३५ टक्के आत सोडते, म्हणजे एकूण ऊर्जेचा साधारण १५ टक्के भाग नुसत्या प्रकाशाच्या वाटेने आत आला. समजा, त्या फिल्मने इन्फ्रारेड शंभर टक्के अडवला, तरी एकूण उष्णता ८५ टक्क्यांवर अडणं शक्य नाही. काचेतून आत सुटणारी उष्णता धरली की आकडा आणखी खाली येतो. ७० टक्के व्हीएलटीच्या फिल्मला हाच हिशेब लावा: ३१ टक्के ऊर्जा प्रकाशातूनच आत येते. म्हणून ७० टक्के पारदर्शक फिल्मला ८० टक्के टीएसईआर कोणी सांगत असेल तर ते पत्रक बाजूला ठेवा. ७० टक्क्यांच्या उत्तम फिल्मचा टीएसईआर ५० च्या आसपास असतो. साधी ३५ टक्क्यांची डाय फिल्म बहुधा याच्याही खाली राहते. म्हणजे अधिक पारदर्शक फिल्म अधिक गारवा देऊ शकते, आणि हे सगळं त्यातल्या मालावर ठरतं.

आयआरआरचा आकडा सांगितलाच तर एक प्रश्न विचारा: कुठल्या तरंगलांबीला मोजला? उन्हातला इन्फ्रारेड साधारण ७८० ते २५०० नॅनोमीटरमध्ये पसरलेला असतो, आणि त्यातली बरीचशी ऊर्जा ११०० च्या आधीच येते. १४०० नॅनोमीटरच्या आसपासची ऊर्जा हवेतली वाफच गिळते, जमिनीपर्यंत ती फारशी पोचत नाही. तरी काही कंपन्या नेमका त्याच जागचा '९७ टक्के' छापतात. संपूर्ण पट्ट्याची सरासरी किंवा सरळ टीएसईआर देणारं पत्रक खरं धरा.

दुकानातल्या लाल दिव्याच्या प्रात्यक्षिकालाही हेच लागू आहे. त्या दिव्यातून बहुतांश इन्फ्रारेडच निघतो, उन्हासारखं मिश्रण नसतं, म्हणून इन्फ्रारेड अडवणारी कुठलीही फिल्म त्यापुढे चमत्कार वाटते. प्रात्यक्षिक बघायचंच असेल तर दिवा पाच मिनिटं चालू ठेवायला सांगा आणि मग काचेच्या मागच्या बाजूला हात लावून बघा. शोषणारी फिल्म असेल तर काच चांगलीच तापलेली लागेल. त्याहून चांगलं म्हणजे नमुन्याचा तुकडा दुकानाबाहेर दुपारच्या उन्हात धरून मनगटाच्या आतल्या बाजूवर फरक बघा.

प्रकार

डाय फिल्म स्वस्त. आपल्याकडच्या उन्हात दोन-तीन वर्षांत जांभळी पडते, मग फुगे येतात. मेटल फिल्म उष्णता चांगली परतवते, पण धातूचा थर रेडिओ लहरी अडवतो. जीपीएस भरकटतं, मोबाइलची रेंज पडते, आणि पुढच्या काचेला लावली तर फास्टॅग वाचलाच जात नाही. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर चालतो. हत्तरगी किंवा कोगनोळी टोलनाक्यावर मागे रांग लागलेली असताना हे कळणं बरं नाही. कार्बन फिल्म धातूविना असते आणि रंग टिकवते, पण बहुतेक कार्बन फिल्म गडद असतात, त्यामुळे आपल्या नियमांत बसणारी मिळणं कठीण. सिरॅमिकमध्ये इन्फ्रारेड अडवणारे सूक्ष्म कण असतात. ती पारदर्शक राहूनही उष्णता अडवते आणि लहरींना आडवी येत नाही. याखेरीज शेकडो पातळ थरांची बिनधातूची फिल्म मिळते. ती ७० टक्क्यांच्या वर्गात सगळ्यात सरस आणि सगळ्यात महाग.

आपल्या भागात गरवारे, थ्रीएम, लुमार ही नावं सहज मिळतात. प्रत्येकाकडे वरच्या आणि खालच्या प्रतीच्या मालिका असतात, त्यामुळे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका. मालिकेचं नाव आणि तिचं पत्रक मागा. 'सिरॅमिक' हा शब्द आता स्वस्त डाय फिल्मवरही सर्रास छापला जातो. ओळखायचं असेल तर नमुन्याचा तुकडा घ्या, लायनर (गोंदावरचं संरक्षक प्लास्टिक) सोला आणि गोंदाच्या बाजूला कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन घासा. कापसावर काळा-जांभळा रंग उतरला तर रंग गोंदात आहे. तसली फिल्म फुकट मिळाली तरी घेऊ नका.

नियम काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०० नुसार पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. मागच्या काचेलाही ७० टक्क्यांचीच अट आहे, हे फार जणांना ठाऊक नसतं. 'मागे काळी चालते' असं सांगणारे दुकानदार इथेच चुकतात.

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका प्रकरणात काचांवर कितीही टक्क्यांची काळी फिल्म किंवा दुसरी कुठलीही वस्तू लावायला देशभर मनाई केली, आणि त्या वर्षी ४ मेपासून तिची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानंतर नियम १०० बदलला. १ एप्रिल २०२१ पासून त्यात काचेच्या जोडीला 'सेफ्टी ग्लेझिंग' आलं, आणि आयएस २५५३ (भाग २) या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीत आतून प्लास्टिकचा थर असलेली काच त्यात धरली गेली. याच आधारावर केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की ७० आणि ५० टक्क्यांची अट पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही.

हा निकाल केरळचा आहे. कर्नाटकातल्या पोलिसांवर तो आपोआप बंधनकारक होत नाही. इथल्या न्यायालयात त्याचा दाखला देता येतो, एवढंच. आणि आपल्या गाड्या एकाच राज्यात कुठे फिरतात? सकाळी निपाणी ओलांडली की महाराष्ट्र, चोर्ला उतरला की गोवा. नियम तिन्हीकडे एकच, केंद्राचा. पण त्याचा अर्थ कोण कसा लावील ते नाक्यानाक्यावर बदलतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ खाली पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा सापडल्यास १५०० पर्यंत दंड आहे. दंडापेक्षा मोठं नुकसान हे की पुष्कळदा फिल्म जागेवरच फाडायला लावतात. कोरडी फिल्म नखाने ओढली की गोंद काचेवर राहतो आणि मागच्या काचेवर डिफॉगरच्या, म्हणजे काच तापवून धुरकटपणा घालवणाऱ्या, तारा तुटतात.

रस्त्यावरच्या पोलिसाच्या हातात दर वेळी काचेतून जाणारा प्रकाश मोजायचा मीटर नसतो. तो डोळ्यांनी बघतो: बाहेरून आतला माणूस दिसतो की नाही. ७० टक्क्यांची स्वच्छ फिल्म लावलेल्या गाडीत तो दिसतो, म्हणून अशा गाड्या सहसा नजरेत भरत नाहीत. तरी २०१२ चा आदेश दाखवून कोणी आक्षेप घेतलाच तर वाद घालायची तयारी आणि कागद, दोन्ही जवळ हवेत. एक रुपयाचाही धोका नको असेल तर फिल्म लावूच नका, हे माझं स्पष्ट मत आहे. गाडी उभी असताना पुढे सनशेड, एसीच्या गॅसची आणि केबिन फिल्टरची वेळेवर तपासणी, निघताना दोन मिनिटं सगळ्या काचा खाली घेऊन गरम हवा बाहेर सोडणं, एवढ्याने बराच फरक पडतो. जाळीचे पडदे मात्र फिल्मला पर्याय नाहीत. चालत्या गाडीत त्यांच्यावरही तीच कारवाई होते.

मोजणी आणि गुणाकार

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. कंपनीतून आलेली काच कधीच १०० टक्के पारदर्शक नसते. बहुतेक गाड्यांच्या काचांना हलकी हिरवी झाक असते आणि तिच्यातून साधारण ७० ते ८० टक्केच प्रकाश जातो. वर फिल्म आली की दोन आकड्यांचा गुणाकार होतो.

बाजूची काच मीटरवर ७६ दाखवत असेल आणि फिल्म ७० ची असेल तर ७६ गुणिले ०.७०, म्हणजे ५३ टक्के. नियमात बसलं. त्याच काचेवर '५० टक्के, लीगल' म्हणून विकली जाणारी फिल्म लावली तर ३८ टक्के. पन्नासचा नियम आहे म्हणून पन्नासची फिल्म चालेल, हा गैरसमज इतका पसरलाय की दुकानदारही तो मनापासून सांगतात. तुम्हाला सुचवलेली ३५ ची फिल्म याच काचेवर २७ टक्क्यांच्या आत जाते.

काच ७२ असेल तर ७० ची फिल्म ५०.४ वर येते. कागदावर ठीक, पण मीटरमध्ये एक-दोन टक्क्यांचा फरक पडतो आणि काचेवर धूळ असली तर आणखी पडतो. किमान ५३ धरून चाला. काच ७६ च्या खाली असेल तर ८० टक्क्यांची फिल्म घ्या.

पुढच्या काचेचं गणित आणखी घट्ट आहे. ती ८४ असेल तर ९० टक्क्यांची फिल्म लावून ७५.६ राहते. ७८ असेल तर ७०.२, म्हणजे अगदी काठावर. ७५ असेल तर ६७ पर्यंत उतरते आणि मग कुठलीच फिल्म बसत नाही. मागच्या काचेलाही हाच हिशेब.

पत्रकातली व्हीएलटी बऱ्याचदा ३ मिलिमीटर साध्या काचेवर फिल्म लावून मोजलेली असते, म्हणजे त्या काचेची घट त्यात आधीच धरलेली असते. त्यामुळे वरचा गुणाकार प्रत्यक्षापेक्षा थोडा कडक येतो. तो तसाच राहू द्या, हाताशी वाव राहतो.

मीटर दोन तुकड्यांचा असतो, एक आतून आणि एक बाहेरून चुंबकाने चिकटतो. काच दोन्ही बाजूंनी पुसून तीन ठिकाणी मोजा. ज्या दुकानात मीटर नाही तिथे फिल्म घेऊ नका. फिल्म विकायची आणि मोजायचं साधन ठेवायचं नाही, हे मला पटत नाही.

कुठली काच आधी

पैसे मोजके असतील तर सगळ्या गाडीला हलकी फिल्म लावण्यापेक्षा जिथे ऊन येतं त्या काचांना चांगली लावा. बेळगाव ते संकेश्वर महामार्ग ढोबळमानाने दक्षिणेकडून उत्तरेकडे जातो. सकाळी तुम्ही उत्तरेला जाता तेव्हा सूर्य पूर्वेला, म्हणजे उजव्या हाताला असतो. संध्याकाळी दक्षिणेला परत येता तेव्हा सूर्य पश्चिमेला, म्हणजे पुन्हा उजव्याच हाताला. दोन्ही वेळा ऊन चालकाच्या बाजूनेच येतं. तुमची पहिली काच ती, आणि तिच्या मागची, जिथे मूल बसतं, ती दुसरी. निपाणीहून सकाळी बेळगावला येणाऱ्या माणसाचं नेमकं उलट होतं, त्याला दोन्ही वेळा डावीकडून ऊन लागतं. बेळगावहून गोकाक किंवा बागलकोटच्या रस्त्याने जा-ये करणाऱ्यांना सकाळ-संध्याकाळ ऊन समोरून येतं. त्यांना बाजूच्या फिल्मचा फायदा कमी, पुढच्या काचेचाच विचार करावा लागतो.

अतिनील किरणांसाठी पुढच्या काचेला फिल्मची गरज नसते. ती दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर असलेली लॅमिनेटेड काच असते आणि तो थर जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतो. दाराच्या काचा टफन्ड असतात, त्यांच्यातून बरेच आत येतात. उजवा हात काळवंडतो तो त्यामुळे. मुलांच्या कातडीसाठीही फिल्मचा खरा उपयोग दारांच्या काचांवर आहे.

गावागावाप्रमाणेही निवड बदलते. अथणी, रायबाग, सौंदत्ती, रामदुर्ग या पूर्वेच्या भागात उन्हाळा कडक असतो, तिथे महाग फिल्मचे पैसे वसूल होतात. बेळगाव शहर उंचावर आहे, मार्च ते मे सोडले तर त्रास तितका नाही. आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबी या पट्ट्यात राहणाऱ्यांनी गारव्याआधी दिसण्याचा विचार करावा. जुलैमधल्या रात्री चोर्ल्यात धुकं, पाऊस आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे एकाच वेळी काचेवर असतात. त्यात प्रकाशाचा प्रत्येक टक्का लागतो.

रात्रीचा दुसरा धोका उसाचा. गाळपाच्या हंगामात चिकोडी, हुक्केरी, गोकाक भागातल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रभर चालतात, आणि कित्येकांच्या मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. ऊस ट्रॉलीच्या बाहेर दोन्हीकडे हातभर आलेला असतो. ओव्हरटेक करताना बाजूच्या काचेतून तो कडेचा ऊस दिसला पाहिजे. साइड मिररही आपण चालकाच्या दाराच्या काचेतूनच बघतो, हे फिल्म निवडताना कोणाच्या लक्षात येत नाही. ३५ टक्क्यांच्या फिल्ममधून रात्री तो आरसा जवळपास निकामी होतो. मग लोक काच खाली करून रिव्हर्स घेतात.

बसवताना

चांगली फिल्म वाईट हाताने बसवली तर सहा महिन्यांत कडा उचलतात. त्यामुळे कारागिराचं काम बघणं फिल्मच्या निवडीइतकंच महत्त्वाचं.

जागा बंद हवी. फुटपाथवर, शेडखाली बसवलेल्या फिल्मखाली धूळ येणारच. गाळप चालू असताना कारखान्यांच्या आसपास चिपाडाची काळी राख हवेत तरंगत असते, ती गोंदावर बसली की ठिपका कायमचा. पावसाळ्यातही टाळा, विशेषतः खानापूर भागात. हवेतल्या ओलीमुळे फिल्म सुकायला दुप्पट वेळ घेते. कडक उन्हाळ्याआधीचे फेब्रुवारी-मार्च उत्तम.

पाणी विचारा. आपल्याकडे बहुतेक दुकानांत बोअरचं पाणी असतं आणि ते जड असतं. फिल्म आणि काचेच्या मधलं पाणी सुकल्यावर त्यातला क्षार पांढऱ्या डागांच्या रूपाने आत अडकतो आणि फिल्म काढल्याशिवाय निघत नाही. आरओ किंवा डिस्टिल्ड पाणी हवं, एका लिटरला बेबी शाम्पूचे आठ-दहा थेंब. शाम्पू जास्त झाला तर गोंद धरत नाही, कमी झाला तर फिल्म सरकवता येत नाही.

काम कसं व्हावं ते सांगतो. आधी दाराच्या रबरी बिडिंगमधली धूळ ब्रशने आणि पाण्याने काढायची. बहुतेक ठिपके तिथूनच येतात. काच आतून ब्लेडने खरवडून दोनदा धुवायची. दाराचं पॅनेल, स्विच आणि स्पीकर टॉवेलने झाकायचे. काचेच्या स्विचमध्ये पाणी गेलं की पॉवर विंडो बंद पडते आणि बिल फिल्मच्या बिलाला मागे टाकतं. फिल्म प्लॉटरवर, म्हणजे कापायच्या यंत्रावर, गाडीच्या मापाने कापलेली असावी. काचेवरच कटर फिरवणारा कारागीर काचेवर ओरखडा आणि रबरावर कट सोडतो. काच दोन-तीन सेंटिमीटर खाली घेऊन आधी वरची कड बसवायची, वर एक-दोन मिलिमीटर जागा सोडायची, मग काच पूर्ण वर करून खालची बाजू बिडिंगच्या आत सरकवायची. स्क्विजीने (पाणी ओढायच्या पट्टीने) मधून कडेकडे पाणी काढायचं. फिल्म वरच्या काठापर्यंत ओढून चिकटवली असेल तर काच वर-खाली होताना रबर तीच कड उचलतं. मागची काच वळणदार असते, तिच्यासाठी फिल्म बाहेरच्या बाजूला हीट गनने आकार देऊन मगच आत लावतात. मागच्या काचेला दोन-तीन पट्ट्या जोडून लावणाऱ्याकडे जाऊ नका.

पुढच्या काचेला लावायचं ठरलं तर तीन गोष्टी. फास्टॅग काढला की तो फाटतो आणि निकामी होतो, तो तसाच बनवलेला असतो. म्हणून नवा टॅग आधी मागवा किंवा त्याच्याभोवती फिल्म कापून घ्या. आरशामागे कॅमेरा किंवा पावसाचा सेन्सर असेल तर तेवढी जागा मोकळी ठेवा. आणि डॅशबोर्डवर जाड टॉवेल, कारण पाणी खाली उतरून वायरिंगमध्ये जातं.

चार दारांना नीट काम करायला दीड-दोन तास लागतात, पूर्ण गाडीला तीन-चार. पाऊण तासात सगळी गाडी उरकली तर काच धुण्यात वेळ वाचवलेला असतो.

आधीची जुनी फिल्म असेल तर ती वाफेने किंवा हीट गनने तापवून हळूहळू सोलायला सांगा. दारांच्या काचांवरचा राहिलेला गोंद ब्लेडने काढता येतो. मागच्या काचेवर ब्लेड अजिबात नको, साबणाच्या पाण्यात भिजवून प्लास्टिकच्या पट्टीने. डिफॉगरची एक तार तुटली की काचेचा तेवढा पट्टा पावसाळ्यात धुरकट राहतो.

घेताना आणि नंतर

रोल तुमच्यासमोर उघडायला लावा. खऱ्या फिल्मच्या लायनरवर किंवा रोलवर मालिकेचं नाव आणि बॅच नंबर असतो. तोच वॉरंटी कार्डावर उतरवून घ्या. बिलावर मालिका, व्हीएलटी आणि गाडीचा नंबर हवा. काम झाल्यावर प्रत्येक काच पुन्हा मीटरवर मोजा, आकडा बिलावर लिहून सही-शिक्का घ्या आणि फोटो काढून ठेवा. पत्रकाची छापील प्रत, फिल्म आयएस २५५३ प्रमाणे तपासल्याचा दाखला आणि हे बिल, तिन्ही ग्लव्ह बॉक्समध्ये. रस्त्यावर प्रश्न आला तर शांतपणे हे पुढे करा. फिल्म पास झाली नाही आणि काढावी लागली तर पैसे परत मिळतील का, हेही आधीच विचारून बिलावर लिहून घ्या. आपल्या मालाची खात्री असलेला दुकानदार याला नाही म्हणत नाही.

दराचं म्हणाल तर ७० टक्क्यांची चांगली सिरॅमिक साध्या डाय फिल्मच्या तिप्पट-चौपट पडते. तुमच्या गाडीला चार दारांपुरतीच घ्या, त्यात खर्च आवाक्यात राहतो. पुढची आणि मागची काच मोजून ८२ च्या वर निघाली आणि उन्हाचा खरंच त्रास होत असेल, तरच पुढच्या वर्षी ९० टक्क्यांच्या फिल्मचा विचार करा.

बसवल्यावर उन्हाळ्यात चार-पाच दिवस आणि दमट हवेत आठ-दहा दिवस काचा खाली करू नका. स्विचवर चिकटपट्टी लावून ठेवा, मुलं दाबतातच. पहिले दोन-तीन आठवडे काचेत पाण्याचे लहान फुगे आणि धुरकटपणा दिसेल, तो आपोआप जातो. सुई टोचून पाणी काढू नका. महिन्यानंतरही राहिलेला फुगा हवेचा किंवा धुळीचा असतो, तो दुकानदाराकडून बदलून घ्या. पहिला महिना आतून काच पुसू नका. पुढे पुसताना अमोनिया असलेला काच-क्लीनर टाळा, त्याने फिल्म कालांतराने ठिसूळ होते; ओलं मायक्रोफायबर कापड आणि साधं पाणी पुरतं. दाराच्या बिडिंगमधली माती मात्र महिन्यातून एकदा ब्रशने काढत जा, कारण फिल्मवर उभे ओरखडे पडतात ते त्या मातीमुळेच.